पावतीतली गाय
(प्रस्तावना)

दूध संकलन केंद्रावर सकाळी हातात पडणारी पावती जेमतेम दोन बोटं रुंद असते. तारीख, खाते क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. एवढं सगळं त्या चिटोऱ्यावर मावतं आणि खिशात चार दिवस राहिलं की उडूनही जातं. म्हणून आमची काकू पावत्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची आणि आकडे वहीत उतरवून घ्यायची. भोकरदन तालुक्यात केळना नदीच्या काठी आमचं गाव. काकूकडे एक संकरित जर्सी गाय होती. एका हिवाळ्यात वहीतला एसएनएफचा, म्हणजे फॅट सोडून दुधात उरणाऱ्या घन पदार्थांचा, आकडा ८.४ वरून घसरत पंधरा दिवसांत ७.९ वर आला. गाय खातपीत होती, रवंथ करत होती, कास हाताला मऊ लागत होती, दूध पांढरंशुभ्र होतं. केंद्रावरचा मुलगा मशीनकडे बघत म्हणाला, "काकू, दुधात पाणी लागतंय." मागं रांगेत सात-आठ माणसं उभी होती.

"लेकराची आण घेते बाबा, थेंब घातला नाही," एवढंच काकू बोलली. त्या दिवशी लिटरमागं दर कापला गेला. दुसऱ्या दिवसापासून तिनं केंद्रावर जाणं सोडलं, किटली घेऊन चुलत भाऊ जायला लागला.

आठवड्यानं दुसऱ्याच कुणाच्या म्हशीसाठी पशुवैद्यक गावात आले होते. काकूनं त्यांना वाटेत अडवून गोठ्यात आणलं. त्यांनी पिशवीतून चार खळग्यांची प्लॅस्टिकची थाळी काढली, एकेका सडाची धार एकेका खळग्यात घेतली, वरून जांभळट द्रव ओतला आणि थाळी हातात गोल फिरवली. दोन खळग्यांतलं दूध पाण्यासारखं फिरत राहिलं. उरलेल्या दोन खळग्यांतलं शेंबडासारखं घट्ट होऊन तळाला धरलं. मागचे दोन सड आतून सुजलेले होते. वरून काही दिसत नाही, म्हणून याला सुप्त कासदाह म्हणतात. मी तेव्हा कॉलेजात होतो, सुट्टीला आलो होतो. थाळीतलं ते दूध मी जवळून पाहिलं आहे.

कासेला आतून सूज आली की दूध तयार करणाऱ्या पेशी खराब होतात, दुधातलं लॅक्टोज आणि केसीन कमी होतं, क्षार वाढतात. लॅक्टोज आणि प्रथिनं हाच एसएनएफचा मोठा भाग. म्हणजे मशीन खोटं बोललं नव्हतं. दुधात पाणी घातलं तर तो आकडा घसरतो, गाय अर्धपोटी असली तरी घसरतो, कास आजारी असली तरी घसरतो. केंद्रावर मात्र या तिन्हींचा अर्थ एकच लावला जातो. त्या सकाळी पावतीवर गाईचं दुखणं छापून आलं होतं आणि साऱ्यांनी ते काकूची लबाडी म्हणून वाचलं.

या पुस्तकाची प्रस्तावना लिहायला बसलो तेव्हा सगळ्यात आधी ही पावती आठवली. कारण पुस्तकाचा विषय हाच आहे: दूध, अंडी, चिकन, मटण दुकानाच्या फळीवर येईपर्यंत जेवढे हात त्यातून कमावतात, त्यांपैकी किती जणांना जनावराची तब्येत माहीत असते, आणि ते जनावर आजारी पडलं तर त्याचा खर्च कोणाच्या अंगावर पडतो. पशुकल्याण हा कागदावरचा शब्द आहे. आमच्याकडे 'जित्राबाचे हाल करू नये' म्हणतात. हाल या शब्दात भूक, तहान, मार, आजार, कोंडमारा सगळं येतं. इंग्लंडमध्ये रूथ हॅरिसन यांनी १९६४ साली 'अ‍ॅनिमल मशीन्स' हे पुस्तक लिहून बंदिस्त पशुपालनाचं चित्र लोकांसमोर ठेवलं, त्यावरून सरकारनं ब्रॅम्बेल समिती नेमली, १९६५ साली तिचा अहवाल आला, आणि पुढे त्यातून जनावराच्या पाच स्वातंत्र्यांची मांडणी झाली: भूक-तहान, अस्वस्थता, दुखणं, भीती यांपासून मुक्तता आणि आपल्या स्वभावाप्रमाणे वागायची मोकळीक. ही यादी वाचताना आपली आजी काही वेगळं सांगत नव्हती असं मला वाटतं. फरक एवढाच की तिकडे दुकानांच्या मोठ्या साखळ्यांनी ही यादी हळूहळू आपल्या खरेदीच्या अटींत घातली. आपल्याकडे खरेदीच्या अटींत अजून फॅट, एसएनएफ आणि वजन एवढंच आहे.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांचे तुकडे जोडून झाला. आठ तालुके, उत्तरेला पूर्णा, दक्षिणेला गोदावरी, मधून दुधना. बाहेरच्या माणसाला जालना म्हटलं की लोखंडाच्या सळ्या आठवतात, नाहीतर बियाणं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथेच महिको सुरू केली. पण गोठ्याच्या दृष्टीनं पाहिलं तर हा कापसाचा जिल्हा आहे, आणि कापसाबरोबर सरकी येते, सरकीबरोबर पेंड. दुभत्या जनावराला सकाळ-संध्याकाळ भिजवलेली सरकी पेंड घालायची ही इथली घरोघरची रीत. पेंडेवर दूध आणि फॅट दोन्ही लागतात, हा अनुभव आहे आणि तो खराच आहे.

मात्र पेंडेचं पोतं पावसाळ्यात भिंतीला टेकून ठेवलं, फरशीची ओल त्याला लागली, की चार-सहा दिवसांत तळाच्या पेंडेला कुबट वास येतो. हातात घेतली तर तिची गठळी होते, फोडली की आत हिरवट काळी भुकटी दिसते. टाकून द्यायची म्हटलं तर पोत्याचा भाव डोळ्यांसमोर येतो, मग उन्हात वाळवून वरच्या चांगल्या पेंडेत मिसळली जाते. त्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असतं. गाईनं ते खाल्लं की दिवसभरात त्याचं रूप बदलून ते दुधात उतरतं, आणि दूध तापवून किंवा पाश्चराइज करून जात नाही. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानं २०१८ साली देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले आणि २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये निष्कर्ष जाहीर केले. भेसळीची ओरड देशभर असताना आरोग्याला घातक अशी भेसळ फक्त १२ नमुन्यांत सापडली. अफ्लाटॉक्सिन मर्यादेपेक्षा जास्त सापडलं ३६८ नमुन्यांत. ही मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम आहे. प्रतिजैविकांचे जास्तीचे अंश सापडले ७७ नमुन्यांत.

या तीन आकड्यांपाशी वाचकानं थोडं थांबावं. आपली सगळी यंत्रणा, वर्तमानपत्रं आणि आपला सगळा राग दुधात युरिया कालवणाऱ्यामागे असतो. तो राग चुकीचा नाही. पण त्या पाहणीत दिसलेला मोठा दोष कुणी मुद्दाम कालवलेला नव्हता. तो गव्हाणीतून आला होता. जनावराला काय घातलं आणि ते आजारी पडल्यावर त्याचं काय केलं, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय तो सापडत नाही, आणि बरोबर हेच प्रश्न मशीनला विचारता येत नाहीत.

प्रतिजैविकांची गोष्ट काकूच्याच गाईपासून सांगतो. डॉक्टरांनी दोन सडांत ट्यूबा सोडल्या आणि बजावलं, औषध चालू असेपर्यंत आणि त्यानंतरचे तीन दिवस हे दूध केंद्रावर घालायचं नाही, घरात चहालासुद्धा नाही, आणि आजारी सडांचंच नाही तर चारही सडांचं. तीन दिवस औषध, तीन दिवस थांबायचं. सहा दिवस काकू सकाळ-संध्याकाळ धार काढायची आणि दूध उकिरड्याच्या खड्ड्यात ओतून यायची. ओतताना तोंड दुसरीकडे करायची. दुधाला आपल्याकडे लक्ष्मी म्हणतात, ते मातीत जाताना बघणं बाईमाणसाला किती जड जातं हे ज्यानं पाहिलं त्यालाच कळेल. औषधाचा खर्च वेगळा, आणि पेंड काही थांबली नव्हती. त्या सहा दिवसांचे पैसे तिला कोणी दिले नाहीत. द्यावेत अशी सोयच कुठे नव्हती. शहरातल्या माणसाच्या पिशवीत औषध जाऊ नये म्हणून जे नुकसान सोसायचं ते सगळंच्या सगळं एका गाईच्या मालकिणीनं सोसायचं, अशी ही व्यवस्था आहे. तिनं सोसलं. ज्यांच्या घरी त्या आठवड्यात शाळेची फी भरायची असते किंवा बचत गटाचा हप्ता असतो, त्या सगळ्यांकडून ही अपेक्षा कशी करायची?

माझं या पुस्तकाकडे मागणं असेल तर एवढंच की ते वाचणाऱ्या डेअरीवाल्यांनी आणि दुकानदारांनी हे सहा दिवस आपल्या हिशेबात धरावेत. युरोपात कच्च्या दुधाच्या एका मिलीलिटरमध्ये शरीरपेशींची संख्या चार लाखांच्या आत असावी लागते. कासेत सूज असली की हीच संख्या वाढते, म्हणजे तिकडे दुधाचा भाव ठरताना कासेची तब्येत मोजली जाते आणि पेशी कमी असतील तर अनेक डेअऱ्या जादा पैसे देतात. आपल्याकडे चार खळग्यांची ती थाळी आणि द्रवाची बाटली कुठल्याही केंद्राला परवडेल इतकी स्वस्त आहे. ज्या दिवशी एसएनएफ अचानक घसरेल, त्या दिवशी दर कापण्याआधी ती थाळी त्या गोठ्यात गेली पाहिजे.

रोगाच्या बाबतीत सरकारी यंत्रणा अगदीच स्वस्थ बसलेली नाही. लाळ खुरकूत आणि सांसर्गिक गर्भपात या दोन रोगांविरुद्ध २०१९ पासून राष्ट्रीय मोहीम चालू आहे. कानातला बारा अंकी पिवळा बिल्ला याच काळात गावोगाव दिसू लागला. सांसर्गिक गर्भपाताची लस फक्त चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना, तीही आयुष्यात एकदाच द्यायची असते. हा रोग कच्च्या दुधातून आणि वार काढताना माणसाला होतो, ताप येत-जात राहतो, सांधे धरतात, आणि कारण सापडेपर्यंत वर्ष निघून जातं. राज्य सरकारनं २०२४ च्या जानेवारीत गाईच्या दुधाला लिटरमागं पाच रुपये अनुदान जाहीर केलं तेव्हा त्यासाठी बिल्ल्याची नोंद आवश्यक केली. त्याबरोबर जी जनावरं लसीच्या दिवशी रानात दडवली जायची तीही बिल्ल्यासाठी रांगेत आली. पैशाची वाट आणि आरोग्याची वाट एकत्र आली की काय होतं ते तेव्हा दिसलं.

लम्पीच्या वेळी हेच उलट्या बाजूनं दिसलं होतं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या जळगाव जिल्ह्यातून हा रोग पसरत आला, आठवडी बाजार बंद झाले, शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचली गेली. मेलेल्या दुभत्या गाईला ३० हजार, ओढकाम करणाऱ्या बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार रुपये मदत ठरली. अंगभर गाठी आलेलं, पाय सुजलेलं, डोळ्यांतून पाणी गळणारं वासरू ज्यांनी रात्र रात्र कडुनिंबाच्या पाण्यानं पुसलं त्यांना ते आठवून आजही गलबलून येतं. त्याच वेळी शहरात अफवा उठली की दूध पिऊ नका. लम्पी माणसाला होत नाही हे डॉक्टर सांगत होते, तरी अफवा आठवडाभर चालली. २०२० साली कोरोना चिकनमधून येतो म्हणून हेच झालं होतं. कोंबड्या फुकट वाटायची आणि पिल्लं पुरायची वेळ राज्यातल्या कितीतरी पोल्ट्रीवाल्यांवर आली. गोठ्यात काय चाललंय याची खरीखोटी कसलीच माहिती दुकानापर्यंत पोचत नाही, त्या रिकाम्या जागेत अफवा शिरते.

कोंबडीबद्दल पुस्तकात स्वतंत्र मजकूर आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. करारावर ब्रॉयलर वाढवणाऱ्या शेतकऱ्याला कंपनी पिल्लं, खाद्य, औषध देते. त्यानं शेड, पाणी, वीज आणि राबणूक द्यायची, साधारण चाळीस दिवसांनी कंपनीनं पक्षी उचलायचे आणि वजनावर मजुरी द्यायची. मे महिन्यात मराठवाड्यात पारा ४२-४३ वर गेला की भरात आलेला पक्षी चोच उघडी ठेवून धापा टाकतो. वीज गेली की पंखे थांबतात, आणि पत्र्यावर गोणपाट टाकून पाणी मारत माणूस दुपारभर उभा असतो. २०२१ च्या जानेवारीत शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात सुमारे ८०० कोंबड्या बर्ड फ्लूनं मेल्या आणि भोवतालच्या सगळ्या कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. अंड्यांचं तर आणखी दूरचं. राज्याला लागणाऱ्या अंड्यांचा मोठा वाटा तेलंगण, आंध्र, कर्नाटक, तमिळनाडूतून येतो. ती देणारी कोंबडी बहुतेक वेळा पिंजऱ्यात असते. केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांनी पिंजऱ्यात एका कोंबडीला किमान ५५० चौरस सेंटिमीटर जागा ठरवली. आपण छपाईला वापरतो तो ए-फोर कागद सुमारे ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो. हा कागद टेबलावर ठेवावा, त्याची लांब कड अडीच सेंटिमीटर दुमडावी, आणि उरलेल्या जागेत दीड किलोची कोंबडी वर्षभर उभी आहे असं बघावं. कायद्यानं सुधारलेली जागा ती ही.

शेळीची वाट वेगळी. तिला गरिबाची गाय म्हणतात, पण ती खरं तर गरिबाचं बँक खातं आहे. उस्मानाबादी शेळी जालन्याच्या माळावर बोरी-बाभळीवर जगते, दोन-दोन करडं देते, आणि दवाखान्याचं बिल आलं की बाजारात जाते. तिथून पुढे तिचा प्रवास मालकिणीला माहीत नसतो. पिकअपमध्ये पाय बांधून किंवा उभ्यानं दाटून भरलेली बोकडं रात्रभर चारशे किलोमीटर मुंबईला जातात, १९७१ पासून चालू असलेल्या देवनारच्या बाजारात उतरतात. वाहतुकीचे नियम १९७८ पासून आहेत. मोठी जनावरं तर एका मालट्रकमध्ये सहापेक्षा जास्त नकोत असं त्यात स्पष्ट आहे. रस्त्यावर मोजणी होते ती बहुतेक वेळा जनावरांच्या कळवळ्यानं होत नाही. या प्रवासात शेळीचं वजन घटतं, फुफ्फुसं धरतात, काही दगावतात, आणि व्यापारी ते नुकसान भाव ठरवताना आधीच कापून घेतो. म्हणजे हालांची किंमत पुन्हा माळावरच्या बाईनंच दिलेली असते.

आणि गोऱ्हा. याबद्दल आमच्याकडे कोणी मोकळेपणानं बोलत नाही, पण या पुस्तकानं धाडस केलं आहे. संकरित गाईला गोऱ्हा झाला की घरात पेढे वाटत नाहीत. त्याला खांदा नाही, म्हणजे वशिंड नाही, त्यामुळे औताला चालत नाही. दूध विकायचं असतं, म्हणून त्याच्या तोंडी दूध लागत नाही. २०१५ साली लागू झालेल्या कायद्यानं राज्यात गोवंशहत्या पूर्ण बंद झाली. त्या कायद्यामागच्या भावनेचा मी आदर करतो, मी त्याच भावनेत वाढलो. पण चाऱ्याची सोय कायद्यानं केली नाही. मग गोऱ्हा खुंट्यावर हळूहळू वाळतो किंवा रात्री रस्त्यावर सोडला जातो. आपल्या चहाच्या प्रत्येक कपामागे हे वासरू उभं आहे. फक्त कालवडी होतील अशी वीर्यमात्रा आता सरकारी दवाखान्यांतून मिळू लागली आहे, हा त्यातला दयाळू मार्ग मला वाटतो.

दुष्काळाविषयी पुस्तकात जेवढं हवं होतं तेवढं आलेलं नाही, हा माझा एक आक्षेप नोंदवून ठेवतो. जालन्यात जनावरांचं आरोग्य म्हणजे निम्मं चाऱ्याचं गणित आहे. २०१२-१३ साली शहराचा घाणेवाडी तलाव कोरडा पडला, गावोगावची जनावरं छावण्यांत बांधली गेली. तिथं मिळायचं ते उसाचं वाढं. वाढ्यात ऑक्झॅलेट असतं, ते शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. महिनोन्महिने तेवढ्यावर राहिलेल्या गाई विताना बसायच्या, उठायच्या नाहीत. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडली तर त्रास कमी होतो, एवढी साधी गोष्ट छावणीच्या दारात पाटीवर लिहायला हवी होती. आणि ज्या उसाचं हे वाढं, तो ऊस तोडायला अंबड, घनसावंगी, मंठ्याची माणसं आपल्याच बैलांना घेऊन कारखान्यांवर जातात. साखरेच्या पोत्यावर बैलाच्या खांद्यावरचं आवाळू लिहिलेलं नसतं. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या विद्यार्थ्यांनी २०२२ साली बैलगाडीच्या दांडीखाली एक फिरतं चाक बसवलं, 'सारथी' नावाचं. जुवाचा भार त्या चाकावर जातो. साखर विकणाऱ्यांनी ते चाक प्रत्येक गाडीला का लावू नये, याचं पटणारं उत्तर मला मिळालेलं नाही.

हे पुस्तक ज्यांच्या हातात पडेल त्यांत पशुपालक असतील, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात प्रशिक्षणाला येणारी पोरं असतील, परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयातले विद्यार्थी असतील, डेअरीचे खरेदी अधिकारीही असतील. पशुपालकांना १९६२ हा फिरत्या दवाखान्याचा फोन नंबर आणि धार काढल्यावर अर्धा तास गाय बसू द्यायची नाही, कारण सडाची तोंडं तोवर उघडी असतात, एवढं जरी यातून पक्कं झालं तरी मी समाधानी आहे. खरेदी अधिकाऱ्यांनी मात्र शेवटचं प्रकरण आधी वाचावं. दर कसा ठरवावा याविषयीचं ते आहे.

काकूची वही परवा पुन्हा उघडली. त्या हिवाळ्यानंतर तिनं एसएनएफच्या शेजारी पट्टीनं आणखी एक रकाना आखला आहे आणि वर लिहिलंय, 'कास'. दर पंधरा दिवसांनी कपडे धुण्याच्या पावडरीचं पाणी करून ती चारही सडांचं दूध चार वाट्यांत तपासायची, बहुतेक ठिकाणी नुसत्या चार टिकल्या आहेत. एका ओळीत तीनच टिकल्या, आणि पुढे तिच्या मोठ्या अक्षरात: "उजवा मागचा, जरा घट्ट. डॉक्टरला फोन." त्या दिवशीचा एसएनएफ आहे ८.४.